बॉयलरवाल्याची बायको

पहिल्यांदा मला त्यांचे फक्त पाय दिसले. चर्चमधल्या माझ्या पायपेटीखाली कुणीतरी कमरेपर्यंत शिरलं होतं. बाहेर नौदलाची पांढरी विजार आणि ओले बूट.

"कोण आहे?" मी दरडावलं.

"नौदल," आतून आवाज आला. "पावसात अडकलेलं."

"नौदल पावसाला भितं?"

"पावसाला नाही... इस्त्री मोडायला. तुमच्या पेटीला दमा झालाय, बाई. भाता फाटला होता, शिवलाय. आता वाजवा बघू."

मी पट्टी दाबली. कित्येक महिन्यांनी सूर भरून आला. ते बाहेर आले, नाकावर काळा डाग घेऊन.

"जहाजावर इंजिनं सांभाळतो. तीही अशीच कुरकुरतात. लक्ष दिलं की गप्प होतात."

"आणि माणसं?"

"माणसांचा अनुभव नाही..." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शिकवाल?"

मी उगाचच गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत बसले.

पुढची दोन वर्षं पत्रं आली. त्यांत प्रेम कमी, इंजिनच जास्त! मग अडीच महिने एकही नाही. मग ते स्वतःच आले, उजव्या हाताला पट्ट्या बांधून.

"थोडं भाजलं," एवढंच म्हणाले. बाकीचं त्यांच्या मित्रानं सांगितलं. इंजिनरूमला आग लागली, हे सुखरूप वर आले, आणि दोघं आत राहिलेत कळताच पुन्हा शिडी उतरले. दोघांनाही घेऊन आले.

"हा हात आता असाच राहील," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तुम्हाला... चालेल?"

"चालेल काय! आणा इकडे."

तो हात मी धरला, तो धरलाच.

नौदल सोडून ते एका कारखान्यात इंजिनिअर झाले. तिथला बॉयलर त्यांना धोक्याचा वाटला. मालक म्हणाला, ठीक आहे म्हणून सही करा. यांनी केली नाही. नोकरी गेली. मी घरी गाण्याच्या शिकवण्या सुरू केल्या. गल्लीत लोक हसायचे, "ती बघा, बॉयलरवाल्याची बायको!" मी मान आणखी ताठ करून चालायची.

"चुकलो का गं मी?" एकदा त्यांनी विचारलं.

"सही केली असतीत तर चुकला असता."

सहा महिन्यांनी सरकारी तपासणीत त्या बॉयलरला हातभर तडा सापडला. मालक स्वतः आमच्या दारात आला. "साहेब, परत या," म्हणाला. मी त्याला चहा दिला. साखर मात्र बेताचीच घातली.

पुढं चर्चच्या मंडळीनं त्यांना 'वडील', म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, म्हणून निवडलं. "मूल नाही, बाळ नाही, आणि वडील कसला!" ते हसले. पण वीस वर्षं कुणाच्या घरी आजारपण आलं, की उशाशी हे असायचेच.

गेल्या महिन्यात ते गेले. स्मरणसभेत पाळकांनी परिचय वाचला, "...त्यांच्या पश्चात फक्त पत्नी आहे."

मी उठले. गुडघे कुरकुरले, पण उठले.

"पाळकसाहेब, तेवढं 'फक्त' खोडा. या माणसानं पन्नास वर्षांपूर्वी मला निवडलं. मी 'फक्त' कशी असेन?"

चर्च हसलं. मी त्यांच्या फोटोकडे वळले. आयुष्यभर जे बोलायला मी लाजले, ते चारचौघांत, मोठ्यानं बोलले—

"अहो... माझं तुमच्यावर फार प्रेम आहे."