एकाच खुर्चीचा फोटो

तुम्ही खोटारडे आहात. सुट्टीसाठी घरं भाड्यानं लावणारी तुमची ती कंपनी, तिचा तो गोड बोलणारा मदत विभाग, सगळे. कुणाचंही घर न विचारता बाजारात मांडता आणि वर निर्लज्जपणे विचारता, आमची सेवा कशी वाटली? क्लोटिल्डाला कशी वाटली ते ऐका.

गोव्यातल्या सासष्टीत, कपेलाच्या म्हणजे छोट्या चर्चच्या मागे तिचं कौलारू घर. ती आणि नवरा रोझार, दोघंच. घर त्यांनी कधी भाड्यानं दिलं नाही. फोन भिंतीवरचा, तारेचा. तरी मे महिन्यात हैदराबादचं एक कुटुंब बॅगा घेऊन दारात हजर. तुमच्या यादीत घर होतं. फोटोत फाटकाचा मोडका दांडासुद्धा होता.

"घर आमचंच," क्लोटिल्डा म्हणाली. "पण आमचा फणस कुठे गेला?"

फोटोत विहिरीवर नुसतं उघडं आकाश.

"बरं दिसावं म्हणून पुसतात हो आंटी."

तिनं त्यांना हाकललं नाही. माशाची कढी आणि भात वाढला, दुसरीकडे सोय होईपर्यंत ओसरीत बसवलं. रोझारनं त्यांना मासे पकडण्याच्या थापा ऐकवल्या. म्हणजे मनस्ताप तुमचा आणि पाहुणचार त्यांचा.

जूनच्या वाऱ्यात फणस पडला. फोटोत होतं, बरोबर तेवढंच आकाश मोकळं झालं.

ऑक्टोबरात इंदूरचं जोडपं आलं. बाईच्या हातात छापील कागद. या वेळी फोटो आतल्या खोलीचा. भिंत निळी. टेबलावर अबोलीच्या माळांत सायबीण. वेताची खुर्ची एकच, तिच्या हाताला पिवळं काहीतरी.

क्लोटिल्डानं कागद हातात घेतला. तिची भिंत पांढरी होती. खुर्च्या दोन होत्या, लग्नातल्या, एक तिची, एक रोझारची. आणि सायबीण, मरियमेची ती मूर्ती, गात गात घरोघरी फिरते, वर्षातून एक दिवस एका घरी. यंदा क्लोटिल्डाचा दिवस एकोणीस नोव्हेंबर.

"खाली काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"यजमान एकटे राहतात," बाईनं वाचलं. "म्हणजे तुम्हीच ना?"

आत रोझार खोकत होता. डॉक्टरांनी त्याच्या छातीबद्दल बजावून ठेवलं होतं.

इंदूरच्या बाईनं आपल्या मोबाइलवरून तक्रार केली. मिनिटभरात तुमचं उत्तर आलं : फोटो यजमानांनीच दिले आहेत. क्लोटिल्डानं कागद ठेवून घेतला. रोझारला एका शब्दानं सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिनं सायबिणीची व्यवस्था पाहणाऱ्या आग्नेलला गाठलं. "यंदा आमचं घर वगळ."

"क्लोटिल्डाबाय, सायबिणीला दार बंद? ताप आलाय का तुला?"

"पुढच्या वर्षी दुप्पट माळा घालीन."

घरी येऊन तिनं रोझारची खुर्ची खिडकीच्या गजाला बांधली. दुहेरी गाठ. वर पाणी शिंपडलं, आवळून बसावी म्हणून.

"खुर्ची काय पळून जातेय?" रोझार म्हणाला.

"तुझा भरवसा नाही."

"चाळीस वर्षं कुठे पळालो?"

"पळायला दम कुठे होता? बस गप."

तो हसत बसला. तिनं नारळ खवायच्या निमित्तानं डोळे पुसले.

एकोणीसला ती मडगावच्या बाजारात गेली. दुपार कलताना परतली तर दाराबाहेर अंगणात वेताची खुर्ची. ती धावत उंबऱ्यापर्यंत गेली.

भिंत निळी.

टेबलावर अबोलीच्या माळांत सायबीण. बाजूला रोझार, बोटं निळी, तोंडभर हसू.

"आग्नेलला मीच सांगितलं, ये म्हणून. ते तर दुपारीच पोचवून गेले. सायबिणीला कुणी परतवतं का गं? भिंत कशी झालीय?"

"खुर्ची... बाहेर..."

"टेबल मावेना. माझी काढणार होतो, पण तुझी गाठ! नखं तुटली. मग तुझी काढली."

क्लोटिल्डानं कमरेला खोचलेला कागद काढून उलगडला. फोटोतल्या खुर्चीच्या हाताला पिवळी दोरी होती. तिची कपडे वाळत घालायची. दुहेरी गाठ.

म्हणजे फोटोतली खुर्ची रोझारची. रोझार राहणार. तिच्या छातीवरचा दगड उतरला. खरं सांगतो, आधी तो उतरला.

"कॉफी ठेवतेस?" रोझार टेबलामागे फुलं वेचायला वाकला.

तो दिसेनासा झाला आणि समोर फोटो तंतोतंत जुळला. निळी भिंत, मूर्ती, एक खुर्ची. कागद खाली केला काय, वर केला काय, काही फरक नाही. टेबलाची कड तेवढीच वर, तिच्यासारख्या बुटक्या बाईला दिसावी तेवढी.

तिच्या हातात भाजीची पिशवी होती. कॅमेरा नव्हता, मोबाइल नव्हता, दुसरं काही नव्हतं.

तुम्ही म्हणता, फोटो यजमानांनीच दिले. कुणी? कधी? रोझारला साधा चहा करता येत नाही. उद्यापासून त्याला पेज कोण घालणार, तेही तुमच्या यादीत असेलच. उत्तर द्या.