पुलावरचा सातवा माणूस

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. संयोगिता माझी मावसबहीण. तिने हे मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा घराचं दार सताड उघडं ठेवून.

दिवस पक्का आठवतो. गेल्या वर्षीच्या अक्षय तृतीयेचा आदला दिवस, मंगळवार. दुपारचे अडीच. गाव कराडच्या खाली, कृष्णेकाठी. नाव सांगत नाही, कारण संयोगिताची आई, शालूमावशी, अजून तिथेच राहते.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही रणरणत्या उन्हातली आहे.

संयोगिता चित्रं काढते. हात वडिलांचा. आकारामकाका गेलेल्या माणसांची चित्रं काढायचे. लोक आधार कार्डावरचा बारका फोटो आणायचे, आणि काका त्याचं भिंतीवर लावण्याजोगं चित्र करून द्यायचे. जिवंत माणसाचं चित्र त्यांनी कधी काढलं नाही. आणि एक नियम कधी मोडला नाही. डोळे सगळ्यात शेवटी, तेही घरच्यांना समोर बसवून.

"डोळं उघडलं की त्यानं पयलं आपल्या माणसाला बघाय पायजे," ते म्हणायचे. "ज्याला पयलं बघतंय, त्याच्याच मागं ऱ्हातंय."

संयोगिता तेव्हा हसायची. आता हसत नाही.

एकोणीस सालच्या महापुरात तिचा धाकटा भाऊ राजवर्धन म्हशी सोडायला गोठ्यात गेला होता. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, मावशीनेच निळ्या दोऱ्याने शिवलेली.

म्हशी आल्या. राजा आला नाही.

तो सापडलाच नाही. मावशीने ना त्याचे दिवस घातले, ना फोटोला हार घातला. अक्षय तृतीयेला घरोघरी गेलेल्यांच्या नावाने पाण्याचा करा भरतात. तिने राजाच्या नावाने कधीच भरला नाही. उंबऱ्यावर बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायची, "माझा राजा दिसला का वो कुठं?"

तर, रहिमतपूरच्या अण्णाप्पांनी कराडजवळ हायवेला हॉटेल काढलं. ते काही वर्षं जपानात नोकरीला होते. लाकडी ठशांनी छापलेली तिकडची जुनी चित्रं म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

"ताई, छापील पोस्टर नको. हुबेहूब, पण हातानं काढून द्या," ते म्हणाले.

तीन खोल्या, तीन प्रती. चित्र एकच. लाकडी पूल, तिरका पाऊस, आणि गवताची इरली पांघरून निघालेली सहा माणसं. सगळं राखाडी आणि तपकिरी.

संयोगिताची पद्धत अशी, की मूळ चित्र आणि कागद दोन्ही उलटे ठेवायचे. पेन्सिलीने चौकटी पाडायच्या आणि एकेक चौकट भरत जायची. उलटं असलं की मन मध्येमध्ये लुडबुड करत नाही, हात दिसेल तेवढंच उतरवतो. काम पुरं झाल्यावरच कागद सुलटा करायचा.

तिने पहिली प्रत सुलटी केली...

पुलावर सात माणसं होती.

सातवा पार पलीकडच्या टोकाला, बोटाएवढा. तिने मूळ चित्रातली माणसं मोजली. सहाच. आपलाच काहीतरी घोटाळा झाला म्हणून तिने त्याच्यावर राखाडी रंग फिरवला.

दुसरी प्रत झाली. कागद फिरवला...

पुन्हा सात.

आता तो पुलाच्या मध्यावर होता. आणि अंगावर गवताचं इरलं नव्हतं. खताच्या पोत्याची खोळ होती. कडेला निळी शिवण.

निळ्या रंगाची बाटली तिने उघडलीसुद्धा नव्हती.

तिने तोही पुसला. आईला एका शब्दाने सांगितलं नाही.

तिसरी प्रत त्या मंगळवारी पुरी झाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

टप्...

तिने वर पाहिलं. पत्रा कोरडा ठणठणीत.

टप्... टप्...

तिने कागद सुलटा केला.

तो पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभा होता. तोंड आपल्याकडे. नाक राजाचं, ओठ राजाचे, हनुवटीवरची खोकसुद्धा राजाची.

डोळ्यांच्या जागी नुसता कोरा कागद.

"राजाच हाय," मागून आवाज आला. शालूमावशी कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. ती रडली नाही. उलट तिचा चेहरा उजळला होता. "डोळं काढ गं त्याचं. डोळं न्हाईत म्हणून त्याला घर घावंना."

"आई, बाबा कुणाची चित्रं काढायचे, ठाव हाय न्हवं तुला?"

"ठाव हाय," ती म्हणाली. "तरी काढ. कसाबी येऊ दे, पर येऊ दे. थांब, लुगडं बदलून येते. सा वर्सांनी बघणार हाय मला, असल्या मळक्यात नगं."

ती आत गेली.

संयोगिताने आतल्या दाराकडे पाहिलं. डोळे उघडले आणि मेलेल्याचे निघाले, तर आई जागीच कोसळेल. त्यापेक्षा ती यायच्या आत आपणच उरकून टाकू. एवढाच विचार तिने केला. आईच्या मायेपोटीच केला.

तो चेहरा बघवेना, म्हणून तिने कागद पुन्हा उलटा केला. बारीक कुंचला घेतला. एक डोळा. दुसरा डोळा.

टपटप थांबली...

तिने कागद सुलटा केला. पुलावर सहा माणसं. सातव्याच्या जागी कोणीच नव्हतं, पण त्या माणसाएवढ्या जागेत पावसाची एकही रेघ नव्हती.

मग तिच्या पाठीमागे प्लॅस्टिकचं पोतं सळसळलं.

पुराच्या गाळाचा वास आला. मानेवर एक थेंब पडला, बर्फासारखा गार.

मावशी घडीचं लुगडं नेसून आली, केस विंचरून आली. समोर मांडी घालून बसली. "हं, काढ." मग तिने चित्राकडे पाहिलं. "आगं, कुठं गेला?"

ती थेट संयोगिताच्या खांद्यामागे बघत होती. पण मावशीला तिथे काहीच दिसत नव्हतं.

"मी पुसला, आई."

मावशी उठली. दुसऱ्या दिवशी करा भरला नाही. पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसली.

संयोगिता आता कराडला खोली घेऊन राहते. तिसरं चित्र तिने अण्णाप्पांना दिलंच नाही. रोज संध्याकाळी मावशीचा फोन येतो.

"दिसला का गं माझा राजा?"

"न्हाई, आई."

ती नाही म्हणाली, की मागे पोतं सळसळतं.

मी तिच्या समोर बसून हे ऐकलं. तिच्या खुर्चीमागची फरशी ओली होती... मी तिकडे पुन्हा पाहिलं नाही. दार का उघडं ठेवतेस, एवढंच विचारलं.

"आईकडं जायचं त्याच्या मनात आलं तर," ती म्हणाली.

अजून तरी तो गेलेला नाही.