हुंकारापुरती जागा

पासवर्ड नावाची भानगड जगातून हद्दपार होऊन बरीच वर्षं झाली होती. आता संगणकाची कुलपं माणसाच्या सवयी ओळखत. कोण चुकलेलं एकच अक्षर खोडतं, कोण अख्खा शब्द. कोण कुठे घाई करतं, कोण कुठे थबकतं. या साऱ्यांची मिळून प्रत्येकाची जी नक्षी होई, तिला ‘सवयठसा’ म्हणत. बोटाचा ठसा चोरता येतो, सवय कशी चोरणार?

हेरंब साठ्यांचं नवं काम नेमकं तेच होतं. शहराच्या पाणीपुरवठ्याची यंत्रणा चालती ठेवण्यात त्यांच्या उमेदीची वर्षं गेली आणि पन्नाशीत, भल्या पगारासाठी, त्यांनी कुलपं फोडून तपासायचा धंदा पत्करला. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात. इथे रखवालदारालाच चोर व्हायचं होतं. खोली स्वतंत्र, खुर्ची ऐसपैस, बोलायला भिंत. जुन्या कामात निदान अलार्म तरी हाका मारायचे.

आज समोर कुमुद आगाशेंचं कुलूप होतं. जुन्या कामावर त्या वर्षानुवर्षं हेरंबांच्या शेजारी बसत.

“मलाच का?” हेरंबांनी सवयठशाच्या जनक डॉ. चारुशीला बापटांना विचारलं. “मला यातलं अजून ओ की ठो कळत नाही.”

“म्हणूनच. परक्याला हे कुलूप उघडणारच नाही. जवळच्याला उघडतं का, ते मला बघायचंय.”

“आणि उघडलं तर?”

“तर शहराचं पाणी कुणाच्याही जिवलगाच्या हातात आहे, साठ्ये.”

हेरंबांनी कुमुदसारखं टाइप केलं, कुमुदसारखा अख्खा शब्द खोडला. कुलूप ढिम्म.

“शेवटची कळ दाबताना तुम्ही घाई करताय,” बाई आलेख पाहत म्हणाल्या. “त्या तिथे थांबतात.”

कुमुद आणि थांबणार? आणि मग त्यांना आठवलं. पंपखोलीचा रिवाजच होता: एकाने आज्ञा लिहायची, दुसऱ्याने वाचून ‘हं’ म्हणायचं, मगच कळ दाबायची. आळीपाळीने दोघंही तसंच करत. हेरंब गेल्यावर त्यांची जागा भरलीच नव्हती. कुमुद एकटीच बसत होती, आणि तरी थांबत होती.

त्यांनी आज्ञा लिहिली. “हं,” स्वतःच म्हणाले. कळ दाबली.

कुलूप उघडलं. हेरंबांना रडू आवरेना.

सांगावं की गिळून टाकावं? त्या थांबण्याचं कारण एकट्या त्यांनाच माहीत होतं. पण सारं शहर ते पाणी पीत होतं. त्यांनी सांगितलं.

उपाय लगेच निघाला. कुमुदची ती सवय मोडायची आणि यापुढे दोन माणसं फार दिवस शेजारी बसवायची नाहीत. हा नियम शहरभर लागू झाला.

मग रीतीप्रमाणे हेरंबांचंही कुलूप तपासलं गेलं.

“अभिनंदन,” बाई म्हणाल्या. “अभेद्य! सवय मोडण्याआधी कुमुदताईंनाही ते उघडायला बसवून पाहिलं. बाकी सगळं बरोबर केलं त्यांनी. फक्त शेवटी, कळ दाबण्याआधी, त्या थांबल्या.”

“मग?”

“तुमच्या ठशात आता तिथे थांबणंच नाहीये.”

हेरंबांना साधं ‘हं’सुद्धा म्हणवलं नाही.