नॉर्वे वरती नको

बारामतीच्या कॉलेजात भाषणाच्या स्पर्धेसाठी परवीन व्हरांड्याच्या भिंतीवर आपला तक्ता लावत होती, तेवढ्यात शेजारून एक मुलगा डोकावला... आणि वाचतच राहिला. समुद्राच्या लाटांपासून वीज करण्यात कोणता देश किती पुढं, हा तिचा विषय. सगळ्यात वर नॉर्वे, पाचशे किलोवॅट. मग भारत, केरळातलं विळिंजम, दीडशे. त्याखाली ब्रिटन, पंच्याहत्तर.

"नॉर्वे वरती नको," तो हळूच म्हणाला. "ते केंद्र अठ्ठ्याऐंशीच्या वादळात मोडून पडलं."

परवीननं त्याच्या खिशावरचा बिल्ला पाहिला. फिरोज, स्पर्धक क्रमांक तीन. तिचा पाचवा. हा तर आपल्याविरुद्धच बोलणार... मग सांगतोय कशाला? पण नॉर्वेचा आकडा तिनं इंदापूरच्या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकातून घेतला होता, हेही खरं.

१९९५ सालातला तो शनिवार तिला जड होता. पहिली आलीस तर पुण्याला शिकायला धाडीन, नाहीतर शिक्षण पुरे, असं अब्बांनी बजावलं होतं.

"पुरावा हाय का?" तिनं विचारलं.

"मासिक घरी हाय, जळोचीला. आणतो."

सायकलवर टांग टाकून तो निघालासुद्धा. फाटकापाशी त्यानं एकदा वळून पाहिलं. त्या नजरेत लबाडी दिसली नाही... पण नुसत्या नजरेवर एवढा भरवसा ठेवायचा?

सभागृहात तिसरा क्रमांक पुकारला गेला. एकदा, मग पुन्हा. फिरोजचा पत्ता नव्हता. परीक्षकांनी त्याच्या नावावर रेघ मारली. फसवायचंच असतं, तर यानं स्वतःची पाळी घालवली असती?

तिचं नाव आलं. तिनं व्हरांड्यातला तक्ता काढून मंचावर लावला, पेन घेतलं आणि सगळ्यांसमोर नॉर्वेवर काट मारली. मोडून पडलेलं केंद्र पहिलं कसं धरायचं, असं ती बोलली. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"याला आधार काय?"

"आधार... येतोय, सर."

मागं खसखस पिकली. परवीन दाराकडं बघत उभी राहिली. आणि मग दारात फिरोज दिसला — घामानं निथळलेला, हातात गुंडाळलेलं मासिक. परीक्षक पानं उलटत राहिले. शेवटी त्यांनी मान हलवली.

पहिलं बक्षीस तिला मिळालं. फिरोजला बोलू दिलं नाही. नियम म्हणजे नियम.

संध्याकाळी ती इंदापूरच्या एसटीत खिडकीशी बसली, तर तो खाली उभा.

"तुमची पाळी माझ्यापायी गेली," ती म्हणाली.

"व्हय. पण तुमी चुकीचं बोलून खाली उतरला असता, ते मला बघवलं नसतं."

"का?"

कंडक्टरनं दार ओढायला घेतलं.

"ते सांगायला... इंदापूरपर्यंतचा रस्ता लागंल."

परवीननं शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.