सतरा मिनिटांची हाक

महाडच्या तारघरात खिडकीशी उभं राहून कुणी काउंटरवर बोटं वाजवली, तर उत्पला गमरे लक्ष देत नसे. माणसं वाजवतातच. कुणाच्या घरचं माणूस गेलेलं असतं, कुणाचा मुलगा मुंबईहून यायचा राहिलेला असतो. बोटांना चैन पडत नाही. पण १९८० सालच्या भादव्यातल्या त्या ओल्या दुपारी एक उंच, सावळा माणूस गळकी छत्री काखेत धरून उभा होता आणि पेनाचं टोपण लाकडावर आपटत होता... कट्ट, कडकट्ट, कट्ट. उत्पलाचं डोकं फॉर्ममध्ये होतं. कान मात्र तिला न विचारताच अक्षरं जुळवत बसले.

बाई झोपल्या.

तिनं मान वर केली नाही. पेन्सिल उलटी धरली आणि टेबलावर झपझप वाजवलं — जाग्या आहेत. तुमचा हात कच्चा आहे.

टोपण जागच्या जागी थांबलं.

"तुम्हाला... कळलं?"

"तारघर आहे हे. इथे नाही कळणार तर कुठे? फॉर्म द्या."

त्याचे कान लाल झाले होते. ते तिनं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. फॉर्मवर नाव होतं मुरलीधर गोमाजी उतेकर. मूळ गाव कुडपण, तालुका पोलादपूर. नाते गावच्या शाळेत विज्ञानाचा हंगामी मास्तर. जहाजावरच्या रेडिओ ऑफिसरची परीक्षा द्यायची होती आणि त्यात मोर्सनंच, तारेच्या या कट्ट-कडकट्ट लिपीनंच, दोनदा घात केला होता.

"शिकवाल?" त्यानं एकदम विचारलं.

"हाताला वळण लागायला वेळ लागतो."

"मला घाई नाही."

"मघाशी तर होती," उत्पला म्हणाली. तारघराचा शिपाई सदूभाऊ मागं खोकला. सदूभाऊचा खोकला म्हणजे अर्ध्या महाडला बातमी. उत्पला तिथंच सावध झाली, पण हसू काही तिला आवरलं नाही.

असं ते सुरू झालं. तो दर शनिवारी येई, खिडकी बंद झाली की बाकावर बसून लाकडी ठोकळ्यावर हात चालवी. ती चुका काढी. "तुमचा मोठा ठोका लंगडतो... पुन्हा." बदल्यात त्यानं तिला आपलं जग दाखवलं. मुरलीधर हौशी रेडिओवाला होता. सरकारी परवाना काढून, मुंबईच्या जुन्या बाजारातले सुटे भाग जोडून त्यानं एक ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर बनवला होता. आणि तो बोलत होता कशाच्या जोरावर, तर आभाळातून फिरणाऱ्या एका लहानशा उपग्रहाच्या. त्याच्यासारख्याच हौशी लोकांनी बनवून वर पाठवलेला.

"खालून पाठवलेलं तो झेलतो आणि अख्ख्या देशावर परत सोडतो," तो सांगे. "डोंगर आडवा येत नाही. फक्त डोक्यावर असतो वीस मिनिटं. तेवढ्यात काय ते."

शाळेमागच्या टेकडीवर बांबूला ॲल्युमिनियमच्या नळ्या बांधलेला त्याचा एरियल होता. तो हातानं फिरवावा लागे. बांबू उत्पलानं धरायचा, मुरलीधरनं कानाला हेडफोन लावून बटण फिरवायचं. उपग्रह जवळ येताना सूर चढा लागे, लांब जाताना उतरे. बटण सोडलं की माणूस निसटलाच. एक हेडफोन दोघांत. त्याची एक बाजू तिच्या कानाला, एक त्याच्या... उत्पलाला त्या वेळी आपल्याच काळजाचे ठोके मोठ्यानं ऐकू येत आणि त्यालाही येत असतील का, या विचारानं बांबूची दिशा चुके.

"हा सारखं काय म्हणतोय एवढंसं?"

"ती त्याची स्वतःची खूण. एच, आय. मी आहे, एवढंच सांगतो. आधी ती ऐकायची. ती असली तरच बाकीचं."

"हाय? म्हणजे तुमच्या पोलादपूरकडचाच की!"

तो इतका हसला की त्या फेरीत त्यांना कुणीच सापडलं नाही. तरीही त्यानं वहीत लिहिलं: वेळ, दिशा, कोणाला हाक मारली, उत्तर नाही. परवान्याचा नियमच होता तसा. मारलेली प्रत्येक हाक वहीत हवी, उत्तर येवो न येवो. खोटं एक अक्षर चालत नसे.

परीक्षा तो या खेपेला पास झाला. जेठ सरता सरता एका शनिवारी टेकडीवर त्यानं खिशातून दोन कागद काढले.

"हा जहाजाचा. हा शाळेचा, कायम करतायत." कागदांच्या कडा पावसानं भिजत होत्या. "तू... तू हो म्हणालीस तर शाळेच्या कागदावर सही करतो."

उत्पलाचा जीव त्याच्यावर जडला होता, हे तिला भादव्यापासून ठाऊक होतं. पण चवदार तळ्याचं पाणी तिच्या आजोबांनी ओंजळीनं प्यायलं होतं आणि त्याची किंमत पाठीवर घेतली होती. तीही त्याच गावातली, त्याच घरातली होती.

"मला तुमच्या घरी ओटीवर बसवून बाहेर चहा नको," ती म्हणाली. "तुमच्या आबांचा होकार हवा. त्यांच्या तोंडचा. तुम्ही घातलेली समजूत नको."

"आणि आबा हो म्हणाले तर?"

"तर मी येईन. कुठं म्हणाल तिथं."

"तार करीन पोलादपूरहून."

"नको!" ती घाईनं म्हणाली. "तारेतलं माझ्याआधी सदूभाऊ वाचतो. अख्खं महाड वाचतं. आईच्या कानावर बाजारातून जायला नको हे."

मग त्यांनी जे ठरवलं, ते त्या दोघांनाच सुचू शकत होतं. रिसीव्हर त्यानं तिच्याकडे ठेवला. ऑफिसचं यंत्र, असं तिनं आईला सांगितलं. ट्रान्समीटर आणि ट्रकची बॅटरी घेऊन तो कुडपणला गेला. आषाढातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वानऊला उपग्रह यायचा. आबांचा होकार असेल तरच तो हाक मारणार. नकार असेल तर काहीच नाही. हाक ऐकली की मंगळवारी दहाला तिनं पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर यायचं. डायलवर त्यानं तिच्या कुंकवाची एक टिकली चिकटवून दिली. "हिच्या आसपासच राहा."

"आणि कुणी आलं नाही, कुणी बोललं नाही, तर कारण विचारायला जायचं नाही," उत्पला म्हणाली. "मला ते सोसायचं नाही." अट तिचीच होती.

रविवारी पाऊस नुसता कोसळत होता. सावित्रीचं पाणी चढल्याची कुजबुज होती, आळीतली पोरं पुलाकडे पळाली होती. उत्पला मागच्या पडवीत हेडफोन लावून बसली. सव्वानऊ. टिकलीच्या अलीकडे, पलीकडे, पुन्हा टिकलीवर. नुसती खरखर. नऊ वीस... नऊ पंचवीस... तिनं श्वास धरून ठेवला होता, जणू श्वासानंही तो निसटला असता. नऊ बत्तीसला उपग्रह कुडपणच्या डोंगरापलीकडे बुडाला असणार. तिनं हेडफोन काढला, आणि पहिल्यांदा पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला.

आबा नाही म्हणाले. म्हणणारच होते. तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला फक्त लाज वाटली, आपण दोन दिवस आधीच निळं लुगडं घडी करून ठेवलं याची.

मंगळवारी दहा वाजता ती खिडकीत बसून कुणाच्या तरी बारशाची तार घेत होती. संध्याकाळी मुंबईची एस.टी. पोलादपूरहून येऊन महाडच्या डेपोत दहा मिनिटं थांबली आणि गेली. तीत मुरलीधर होता, हे तिला दुसऱ्या दिवशी नाते गावच्या शाळेच्या शिपायाकडून कळलं. मास्तरांनी जहाजाच्या कागदावर सही केली म्हणे. दहा मिनिटं... डेपो ते तारघर चालत पाच. पण कारण विचारायचं नाही, असं ठरलं होतं ना!

श्रावण गेला. ती जेवत होती, तारा घेत होती, आई बोलली तर हूं म्हणत होती. रिसीव्हरवर तिनं चादर टाकली.

भादव्यात एका दुपारी कुडपणचा सोमा डोक्यावर गोणपाटात बांधलेलं खोकं घेऊन तारघराच्या पायरीवर टेकला.

"मास्तरानं सांगितलेलं, शालंत दे. शाला बंद हाय. म्हटलं यंत्राचं तुला कलतं, तुलाच देतू गो बाय." मग तिच्याकडे नीट बघत तो म्हणाला, "तूच काय गो ती? गोमाजी आबानं तुझ्यासाठी तांदूळ कांडून ठेवलंन. म्हन्ला, पोरीला आत बसवून जेवायला घालीन. वाट बघून बघून दमला म्हातारा. तू आलीच नाय."

उत्पलानं गोणपाटाची गाठ तिथंच सोडली.

खोक्यात ट्रान्समीटर होता आणि वर ती वही. शेवटच्या पानावर त्याचं लंगडं, तिरकं अक्षर. रविवार. नऊ चौदा ते नऊ एकतीस. हाक — उत्पला. मजकूर — आबा हो म्हणाले, ये. एकोणतीस वेळा. आणि नेहमीच्या रकान्यात: उत्तर अपेक्षित नाही. ऐकलं असेल.

सतरा मिनिटं. रिसीव्हर तिच्याकडे होता. आपली हाक वरून परत खाली येते का, हे त्याला तपासताच येत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं चादर काढली आणि त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे काटा टिकलीपासून लांब नेला, जिथं उपग्रहाची स्वतःची खूण असायची. काही नाही. दुसऱ्या फेरीला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आभाळातला तो इवलासा जीव कधीच गप्प झाला होता. आधी ती खूण ऐकायची, हे त्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण त्या रविवारी तिला उपग्रह नकोच होता, तिला फक्त तो हवा होता. एकदा, एकदाच काटा सरकवला असता तर! उत्पला पडवीत बसून आईसमोर ढसाढसा रडली, आणि मग आईला सगळं सांगितलं.

आईनं हातातली वात वळून खाली ठेवली. मग म्हणाली, "मग तार कर की. तुझंच तारघर हाय ना?"

जहाजाचं नाव रत्नमाला, हे सोमाला ठाऊक होतं. समुद्रावरच्या जहाजाला तार जाते. महाडहून मुंबई, मुंबईहून किनाऱ्याचं रेडिओ केंद्र, तिथून मोर्समध्ये जहाजावर. आणि जहाजावर ती तार उतरवून घेतो रेडिओ ऑफिसर. अक्षर न् अक्षर, स्वतःच्या हातानं.

उत्पलानं फॉर्म भरला. सदूभाऊ खांद्यावरून वाचत होता. तिनं वाचू दिलं. मग ती स्वतः यंत्रावर बसली आणि भर दुपारी, खिडकीत चार माणसं उभी असताना, तिनं पाठवलं — तुमची हाक पोचली नाही. उपग्रह गप्प होता. माझा होकार आहे. पोलादपूरला कधी येऊ. उत्पला.

सदूभाऊ खोकला नाही.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मुंबईकडून यंत्र कट्ट-कडकट्ट वाजू लागलं आणि तिनं पेन्सिल घेतली. पत्ता तिचाच होता, तरी तिनं एकही अक्षर सुटू दिलं नाही.

करार वर्षाचा आहे. पुढच्या आषाढात, मंगळवारी, दहाला. तोवर आबांकडे जाऊन ये. तांदूळ जुने होतील. मुरलीधर.

वर्ष. बाहेर पाऊस लागलेलाच होता. सदूभाऊनं तिच्या हातातून कागद घेतला, घडी केली, लिफाफ्यात घातला, शिक्का मारला. मग टोपी चढवून तो काउंटरला पूर्ण वळसा घालून खिडकीबाहेर आला, दुसऱ्या कुणाच्या दारात उभा राहिल्यासारखा.

"उत्पला गमरे," तो म्हणाला, "तार आहे तुमची. सही करा."

तिनं सही केली. अक्षर लंगडलं.