दोन दलांचा बेल

कार्तिकातल्या त्या पहाटे खाडीवर धुके असे दाटले होते, की देवठाणच्या बुरुजावरून समोरचे फिरंगकोट दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. इकडे महादेवाच्या देवळात चौघडा झडत होता, तिकडे फिरंग्यांच्या देवळाची, इगर्जीची, घंटा वाजत होती, आणि मधले पाणी जेमतेम गोफणीच्या टप्प्याएवढे. तेवढ्याशा पाण्याच्या दोन काठांवर दोन दुनिया! इकडे माणूस मेला की जाळायचा, तिकडे पुरायचा. इकडची बाई उंबऱ्याआड, तिकडची सज्जात उभी राहून परक्या पुरुषाशी हसून बोलणार. शंभर वर्षे एकाच खाडीचे मासे खाऊनही एका काठाने दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकले नव्हते. अपवाद एकच, दुभाषी सगुण शेणवी. देवठाणचे भटजी त्याला बाटगा म्हणून चिडवत, फिरंगी त्याच्या शेंडीला हसत, आणि हा गृहस्थ दोघांनाही पान देऊन आपले काम करी.

देवठाणचा किल्लेदार हैबतराव दळवी याने चार महिने फिरंगकोटाला वेढा घातला होता. आत दाणा उरला नाही, तेव्हा कपितान दुआर्ते कोट सोडायला तयार झाला. अट एकच: आतली तीनशे माणसे, त्यांत निम्मी बायकापोरे, होड्यांतून सुखरूप समुद्राकडे जावीत. वाट मात्र देवठाणच्या तोफांखालूनच होती.

"तुमच्या धन्याने शपथ द्यावी," कपितानाने सगुणला सांगितले, "आणि ती तुमच्या रीतीची द्यावी. आमच्या क्रुसाची त्याला काय मातब्बरी?"

हैबतरावाने चांदीच्या तबकात शपथेचा बेलभंडार, हळदीवर बेलाची पाने, ठेवला, वर तांबडा रुमाल झाकला आणि तबक सगुणच्या हाती दिले. झाकलेला बेलभंडार वाटेत उघडून पाहायचा नसतो, म्हणून सगुणने तो पाहिला नाही. कपितानाने मात्र वेदीवरच्या मेणबत्त्या बाजूला सारून तबक आपल्या देवमातेच्या मूर्तीच्या पायाशी ठेवले, गुडघे टेकले आणि रुमाल काढला. सगुणने पाहिले ते तेव्हाच. हळदीवर ठेवलेल्या प्रत्येक बेलाला दोनच दले होती, तिसरे नखाने खुडलेले. देवठाणचे शेंबडे पोरही असला खंडित बेल पिंडीवर वाहत नाही; तो देवाला पोचतच नाही, मग त्याच्यावरची शपथ कुठून पोचणार?

तो तसाच उलटपावली देवठाणला आला आणि हैबतरावापुढे उभा राहिला.

"सरकार, बेल खंडित होता."

"फिरंग्याला काय कळतंय, दोन की तीन?" हैबतराव हसला, मग त्याचे हसू विरले. "माझा धाकटा भाऊ त्यांनी तटावर टांगला होता. तीन दिवस कावळे हाकलायला कुणी नव्हतं. शपथ झालीच नाही, तेव्हा मोडल्याचं पापही नाही. उद्या ओहोटीला होड्या खाली आल्या, की तोफा सुटतील."

"त्या माणसानं आपल्या देवाशेजारी तो बेल ठेवलाय, सरकार. गुडघे टेकून."

"शेणवीबुवा, माझं मीठ खाता. उद्या घराबाहेर पडू नका."

घरी पानावर बसून सगुणने घास चिवडला. बोलावे तर स्वामिद्रोह, आणि फिरंगी कोटातच थांबले तर तीनशे जीव भुकेनेच जाणार. न बोलावे तर तोफेने जाणार. बायकोला, आवडाबाईला, त्याने सगळे सांगितले. ती म्हणाली, "तबक कुणाच्या हातात होतं?"

"माझ्या."

"मग मला कशाला विचारता हो!" आणि ती पदरात तोंड घालून रडू लागली.

उजाडता उजाडता धुके विरळ झाले आणि पहिली होडी तोफेच्या टप्प्यात आली. तिच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, उपरणे सोडून, उघड्या अंगाने, जानवे दिसेल असा सगुण शेणवी उभा होता.

"येसाजी!" त्याने बुरुजावरच्या गोलंदाजाला हाक घातली. "ओळखलंस का? शब्द नेला ते हात या होडीत आहेत! तोफ डागायची तर आधी माझ्यावर डाग!"

येसाजीच्या हातातली बत्ती खाली आली. "सरकार, ब्रह्महत्या आहे ही. माझ्याच्यानं नाही व्हायची."

हैबतरावाने बत्ती हिसकावून स्वतः तोफेला लावली. गोळ्याने नाळ फुटली, सगुण पाण्यात गेला. पण दुसरा गोळा भरायला एकही हात पुढे आला नाही. येसाजीने दारूचे पिंप बुरुजावरून खाली लोटले. फुटलेल्या होडीतली माणसे इतरांनी ओढून घेतली, आणि बाकीच्या होड्या, एकामागून एक, मुकाट्याने समुद्राकडे निघून गेल्या.

देवठाणच्या भटजींनी नमकहरामाचे क्रियाकर्म करायचे नाकारले. प्रेत पलीकडच्या काठाला लागले होते. मागे राहिलेल्या एका म्हाताऱ्या पाद्र्याने ते आपल्या रीतीने पुरले. फिरंगकोट हैबतरावाच्या हाती आले खरे, पण तिथे राहायला कोणी जाईना. रिकाम्या गल्ल्यांतून वारा घंटा हलवी, आणि धुके पडले की बुरुजावरच्या पहारेकऱ्यांना पाण्यावरून हाक ऐकू येई, "ओळखलंस का?" येसाजी तर दर वेळी "ओळखलं, महाराज," असे उत्तर देई. हैबतरावाने त्याला दोनदा फटके मारले. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच ती हाक ऐकली आणि फटके बंद झाले. आवडाबाई मात्र खाडी ओलांडून गेली आणि नवऱ्याच्या मातीजवळ, ओसाड कोटात, एकटी राहू लागली.

तीन वर्षांनी फिरंग्यांचे आरमार परत आले. देवठाणचे पाणी तुटले, दाणा संपला. हैबतरावाने अभयाचा कौल मागायला माणूस धाडला, तर कपितान दुआर्तेने त्याला होडीतूनच परत पाठवले. अखेर एका दुपारी किल्लेदार अनवाणी आवडाबाईच्या दारात आला.

"बाई, गावात बायकापोरं आहेत. माझा शब्द तो घेत नाही. तुम्ही न्याल?"

आवडाबाई चुलीपुढून उठली. "तुमचा नाही नेणार. माझा नेते. गाव बाहेर काढीन, माझ्या जामिनावर."

तिने डोईवरून पदर घेतला आणि ती उंबऱ्याबाहेर पडली. हैबतराव मागून चार पावले आला.

"आणि माझं?"

ती थांबली. "तो विचारील तुमच्याविषयी. काय सांगू, ते तुम्हीच सांगा."

हैबतराव तिच्या मागोमाग काठापर्यंत आला आणि होडीपाशी उभा राहिला. तिने ओहोटी लागेपर्यंत त्याच्या शब्दाची वाट पाहिली, मग होडी लोटली.