हिल्मारची चाहूल

ही घटना खरी आहे.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी वाद घालणार नाही. ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझ्या सासूची भावजय, सोलफ्रीद. बरंचसं तिने मला स्वतः सांगितलं. शेवटचं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं.

गाव सेन्या बेटावरचं, नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला. तिथे नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य जातो तो जानेवारीतच परत तोंड दाखवतो. म्हणून मी 'काळोख' म्हणेन तेव्हा घड्याळात दुपारचे दोन वाजलेले असतील, हे लक्षात ठेवा.

सोलफ्रीदचा नवरा हिल्मार रस्त्यावरचा बर्फ काढायचं मशीन चालवायचा. ऑक्टोबरात तो गेला. छातीचं दुखणं होतं. तीन वर्षं तिने त्याचं सगळं केलं. उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं... शेवटी शेवटी तर ती उभ्या उभ्या झोपायची.

आणि जाताना हिल्मारने तिला एकच गोष्ट सांगितली.

"पाद्रीला सूर्य दाखव."

पाद्री म्हणजे त्याचा पोपट. राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा. झग्यातल्या पाद्रीबुवासारखा मान खाली घालून बसायचा, म्हणून ते नाव.

आमच्याकडच्या हिवाळ्यात पोपट जगवणं म्हणजे तान्हं मूल सांभाळण्यासारखं आहे. सकाळी वेळेवर त्याचा दिवा लावायचा, कारण बाहेर उजाडत नाही. संध्याकाळी वेळेवर विझवून पिंजऱ्यावर कापड टाकायचं. हीटरने हवा कोरडी होते, म्हणून त्याच्या अंगावर कोमट पाण्याचा फवारा मारायचा. खिडकीचा गारवा लागू द्यायचा नाही. मेणबत्तीचा धूर नको, तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ नको. काळोखाच्या दिवसांत घरोघरी मेणबत्त्या जळतात. सोलफ्रीदच्या घरात एकही नसायची, आणि म्हणून तिच्याकडे कुणी फारसं बसायलाही यायचं नाही.

माझी सासू ओड्नी तिला चिडवायची.

"माझा भाऊ जाताना तुला सवत देऊन गेला बघ."

"सवत परवडली असती," सोलफ्रीद म्हणायची. "तिने निदान भांडी घासली असती."

हसायची, पण डोळे मिटलेले असायचे.

आता त्या चाहुलीचं सांगते.

आमच्याकडे काही माणसांच्या बाबतीत असं होतं. माणूस अजून वाटेत असतो, पण त्याची चाहूल आधी घरी पोचते. पायांचा आवाज, किल्ल्यांचा आवाज. दार उघडून बघावं तर कुणी नाही. मग थोड्या वेळाने तो माणूस खराखुरा येतो, आणि अगदी तेच आवाज पुन्हा होतात. जुन्या माणसांना याचं काही वाटत नाही.

हिल्मारची चाहूल सगळ्या गावाला माहीत होती.

आधी पायरीवर बूट आपटायचा आवाज. थप... थप.

मग दारातल्या झाडूने बुटांवरचा बर्फ झाडायचा. खर्र... खर्र.

मग पत्र्याच्या डब्यात मशीनच्या किल्ल्या.

सोलफ्रीद आतून ऐकायची आणि पाद्रीला म्हणायची, "येतोय हं, येतोय. कॉफी टाकते." कॉफी उकळेपर्यंत हिल्मार दारात असायचा. मग ती म्हणायची, "आलास एकदाचा."

पाद्रीने ही दोन्ही वाक्यं उचलली होती. सोलफ्रीदच्याच आवाजात. आणि तो कधी चुकायचा नाही. नुसती चाहूल आली की "येतोय हं, येतोय." खरा हिल्मार आला की "आलास एकदाचा." दोन्ही वेळचे आवाज सारखेच, सोलफ्रीदला फरक कळायचा नाही. पाद्रीला कळायचा.

हिल्मार गेल्यावर पाद्री गप्प झाला.

सूर्य गेला त्याच आठवड्यात पहिलं वादळ आलं. दुपारची वेळ. बाहेर मिट्ट काळोख. सोलफ्रीद पिंजरा पुसत होती.

थप... थप.

तिचा हात थांबला.

खर्र... खर्र.

मग डब्यात किल्ल्या पडल्या.

ती तशीच उभी राहिली. डबा तिने केव्हाच माळ्यावर टाकला होता. किल्ल्या हिल्मारच्या जागी आलेल्या नव्या माणसाकडे होत्या.

आणि पाद्री तिच्याच आवाजात म्हणाला...

"येतोय हं, येतोय."

तिने दार उघडलं. पायरीवर ताजा बर्फ. त्यावर पावलाची एक खूण नाही.

पाद्रीनेच आवाज काढले असतील, असं तिने स्वतःला समजावलं. पोपट काय, कशाचीही नक्कल करतो. पण दुसऱ्या दिवशी आवाज झाले तेव्हा तिची नजर त्याच्यावर होती. त्याची चोच मिटलेली होती. मान दाराकडे वळलेली होती.

तेव्हापासून रोजच.

भीती वाटली का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "भ्यायला अंगात जीव लागतो गं."

तिला काळजी होती ती पाद्रीची. चाहूल आली की तो पिंजऱ्याच्या दारापाशी सरकायचा आणि वाट बघत बसायचा. दिवा विझवला तरी झोपायचा नाही. दाणे तसेच राहायचे. मग छातीची पिसं उपटायला लागला. रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी राखाडी पिसं पडलेली असायची आणि छातीवर गुलाबी कातडी दिसायची.

जनावरांची डॉक्टर फोनवर म्हणाली, "खाल्लं नाही तर सूर्यापर्यंत टिकणार नाही तो. कशाची तरी वाट बघतोय का?"

"हो," सोलफ्रीद म्हणाली. पुढे काही सांगितलं नाही.

एकच काम हिल्मारने सांगितलं होतं. तेही हातून निसटत होतं.

ख्रिसमसच्या आधी मोठं वादळ झालं आणि वीज गेली. दिवा बंद, हीटर बंद. सोलफ्रीदने पाद्रीला स्वेटरच्या आत पोटाशी घेतलं आणि लाकडाची शेगडी पेटवून, धूर लागू नये म्हणून लांब खुर्चीत बसली. त्याच्या अंगाची हाताला नुसती हाडं लागत होती.

थप... थप.

स्वेटरच्या आतून तिचाच आवाज आला...

"येतोय हं, येतोय."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मग ये ना," ती काळोखात म्हणाली. "किती दिवस नुसता येतोयस? हा मरायला टेकलाय तुझ्यापायी. मी पण दमले रे हिल्मार. येऊन जा एकदाचा."

वारा तेवढा घोंगावत होता.

मग तिच्या लक्षात आलं. इतक्या वेळा चाहूल आली, पण तिने एकदाही कॉफी टाकली नव्हती. ती स्वतः कॉफी पीत नसे. पोटाला सोसत नव्हती. कॉफी त्याच्यासाठीच व्हायची.

ती उठली. पोपट पोटाशी धरूनच तिने जुनी किटली शेगडीवर ठेवली. त्याचा कप काढला. वास घरभर पसरला. किटली उकळली.

आणि एकदम... वारा थांबल्यासारखा वाटला.

दार उघडलं नाही. पडदासुद्धा हलला नाही.

पाद्रीने स्वेटरच्या गळ्यातून डोकं बाहेर काढलं. हिल्मारच्या खुर्चीकडे पाहिलं.

"आलास एकदाचा."

त्या संध्याकाळी त्याने तिच्या हातून गाजर खाल्लं.

त्यानंतर चाहूल आली नाही. पाद्री खायला लागला. छातीवर पिसांचे बारीक कोंब आले. सोलफ्रीद तीन महिन्यांनी पहिल्यांदा पुरती झोपली. ख्रिसमसला ती आमच्याकडे आली नाही, कारण मेणबत्त्यांचा धूर कपड्यांना लागतो. पण फोनवर तिचा आवाज मोकळा वाटला.

नव्या वर्षात ती ओड्नीकडे आली. मीही तिथेच होते. तिने कोट काढला नाही.

"ओड्नी, पाद्री परत बोलायला लागलाय."

"मग बरंच की."

"हिल्मारच्या आवाजात बोलतो."

ओड्नी हसली. "इतकी वर्षं जवळ होता. उशिरा आठवलं असेल."



"तो म्हणतो... 'येतेय हं, येतेय. कॉफी टाकतो.'"

"हिल्मारच म्हणत असेल तसं."

"कधी गं?" सोलफ्रीदने शांतपणे विचारलं. "बाहेरून यायचा तो. मी कायम घरात. त्याने माझी वाट बघितलीये का कधी? हे वाक्य त्याच्या तोंडून आयुष्यात निघालेलं नाही."

ओड्नीच्या हातातला चमचा बशीत तसाच राहिला.

मला आठवतं, सोलफ्रीद घाबरलेली नव्हती. लांबच्या प्रवासानंतर माणसं बाकावर बसतात, तशी ती बसली होती.

"तू पाद्रीला घेशील का?" तिने विचारलं. "सूर्य अजून आठवड्यावर आहे. फवारा कसा मारायचा ते दाखवते."

"मी? मला स्वतःला अंघोळ करायचा कंटाळा येतो. आणि माझ्या मेणबत्त्यांचं काय?"

"विझव."

ओड्नीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग उठली आणि घरातली एकेक मेणबत्ती विझवली. तेव्हाच तिला कळलं होतं, असं ती मला नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोलफ्रीदने पिंजरा कांबळ्यात गुंडाळून, बर्फावरच्या ढकलगाडीवर ठेवून आणला. दिवा कधी लावायचा, कापड कधी टाकायचं, सगळं समजावलं. निघताना पाद्रीच्या मानेवर बोट फिरवलं.

"राहा ना इथेच," मी म्हटलं. "एकटी कशाला जातेस?"

"तिकडे निवांत झोप लागते गं. सूर्याच्या दिवशी येईन. पाव करून ठेवा."

सूर्य परत येतो त्या दिवशी आमच्याकडे जॅम भरलेले गोड पाव खातात. ओड्नीने ताटभर करून ठेवले होते. बाराच्या सुमारास समोरच्या दोन डोंगरांच्या मधे आभाळ पिवळं झालं. आम्ही पिंजरा खिडकीपाशी नेला.

तेवढ्यात पायरीवर...

थप.

मग थोडं थांबून, पाय ओढत... थप.

सोलफ्रीदचा उजवा पाय दुखायचा. ती अशीच चालायची. मागोमाग झाडू. मग तिचा कोरडा खोकला.

"आली बघ," म्हणत ओड्नी दाराशी गेली.

पायरीवर कुणी नव्हतं. बर्फ सपाट होता.

ओड्नी परत आत आली. चेहरा पडलेला.

"चाहूल असेल," मी म्हटलं. "वाटेत असेल ती."

"हिची कधी येत नव्हती," ओड्नी म्हणाली. तरी तिने कॉफी टाकली. दुसरं काय करायचं ते आम्हाला दोघींनाही सुचलं नाही.

सूर्याची कड वर आली. भिंतीवर उजेडाची एक पट्टी पडली, मग पिंजऱ्यावर, मग पाद्रीवर. त्याने पंख पसरले. डोळे मिटून तो त्या उन्हात बसला.

सूर्य दाखवून झाला होता.

कॉफी उकळली. दार वाजलं नाही.

आणि पाद्री डोळे न उघडता, हिल्मारच्या घोगऱ्या आवाजात, अगदी मायेने म्हणाला...

"आलीस एकदाची."

आम्ही कोट न घालताच तिच्या घराकडे धावलो.

सोलफ्रीद तिच्या खुर्चीत होती. अंगावर घडी मोडलेलं कांबळं, हात मांडीवर. पहाटेच कधीतरी गेली, असं डॉक्टर म्हणाले. झोपेतच. घर गारठलेलं होतं. शेगडीतली राख पार थंड होती.

शेगडीवर जुनी किटली होती. ओड्नीने ती बाजूला करायला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

किटली उकळती होती.

आम्ही हे डॉक्टरांना सांगितलं नाही. काय सांगणार?

ओड्नीला झेपेना, म्हणून पाद्री आता माझ्याकडे आहे. हा त्याचा आमच्या घरातला दुसरा हिवाळा. सकाळी दिवा, दुपारी फवारा, संध्याकाळी कापड. सोलफ्रीद कशाने दमायची ते आता मला कळतं. त्या दिवसानंतर तो एक शब्द बोललेला नाही.

माझा नवरा बोटीवर जातो. या काळोखात त्याला यायला उशीर होतो. पायरीवर बूट वाजले की पाद्री मान वर करतो आणि चोच उघडतो.

त्याने काही बोलायच्या आत मीच मोठ्याने म्हणते, "आलास एकदाचा."

आणि दार उघडेपर्यंत श्वास रोखून बसते.